हात राखून घेतलेला गेमिंग लॅपटॉप

फेब्रुवारी २०२५ मध्ये शोधाला लागले आणि ऑगस्टमध्ये लॅपटॉप हातात आला. मधल्या काळात जे वाचलं, विचारलं, तपासलं ते क्रमाने लिहिते आहे. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातली मॉडेलं वर्षभरात बदलतात, आणि एकाच नावाखाली चार-पाच वेगवेगळी यंत्रं विकली जातात. नाव सांगून उपयोगापेक्षा घोटाळाच जास्त व्हायचा. रक्कमही चलनात सांगत नाही. माझं एकूण बजेट १०० धरा, बाकीचा हिशेब त्याच प्रमाणात.

जुना लॅपटॉप इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय५ प्रोसेसरचा. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालेलं होतं. म्हणजे नवा घ्यायचाच होता. प्रश्न एवढाच, की ऑफिसचं काम भागेल असा साधा घ्यायचा, की त्यात भर घालून खेळायची हौसही भागवायची. ज्याला विचारावं तो म्हणे, "डेस्कटॉप घे." चुकीचं नाही ते. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉपमध्ये ताकद जास्त मिळते आणि पुढे एकेक भाग बदलता येतो. शिवाय लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र घडवणारा भाग) आणि त्याच नावाचं डेस्कटॉपचं कार्ड ही दोन वेगळी प्रकरणं आहेत: एन्व्हीडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०७० कार्डाच्या डेस्कटॉप रूपात १२ जीबी मेमरी असते, लॅपटॉपच्या ४०७० वर ८ जीबी. पण माझी खोली दर वर्ष-दोन वर्षांनी बदलते आणि ऑफिसचं कामही त्याच यंत्रावर करायचं होतं. तो वाद मी तिथेच मिटवला.

सगळ्यात आधी कागदावर गेम लिहून काढले. कोणीतरी "सगळं अल्ट्रावर चालतं", म्हणजे चित्राच्या सर्वांत वरच्या सेटिंगवर, असं म्हणतो म्हणून नव्हे, तर मला खरोखर जे खेळायचं होतं तेच. मित्रमैत्रिणींबरोबर वेलोरंट. एकटीने सायबरपंक २०७७ आणि बाल्डर्स गेट ३. या तीन नावांनीच निम्मं काम झालं. वेलोरंट हलका गेम आहे, त्याला ग्राफिक्स कार्डापेक्षा प्रोसेसर चांगला लागतो, आणि विंडोज ११ वर टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात. सायबरपंकला एसएसडीवर (साठवणीच्या डिस्कवर) ७० जीबी जागा लागते, किमान १२ जीबी रॅम लागते. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी, आणि तिसऱ्या अंकातल्या शहरात तो प्रोसेसरचा घाम काढतो. ५१२ जीबीच्या एसएसडीवर विंडोज सुमारे ४७६ दाखवतं. त्यातून विंडोज आणि ऑफिसच्या फायली वजा केल्या तर हे तीन गेम बसतात, चौथा मोठा बसवताना आधीचा काढावा लागतो. मला ते चालणार होतं. तुम्हाला चालेल का, हे तुमच्या कागदावर बघा.

मार्च महिना ग्राफिक्स कार्डांचं कोडं सोडवण्यात गेला. माझ्या टप्प्यात येणारी कार्डं अशी: आरटीएक्स २०५०, ३०५०, ४०५०, आणि थोडं ताणलं तर ४०६०. २०५० नाव जुन्या पिढीचं वाटतं, पण चिप ३०५० च्याच घराण्यातली. फक्त मेमरीचा रस्ता अरुंद, ६४ बिटचा. ३०५० तर दोन तऱ्हांची मिळते, ४ जीबीची आणि ६ जीबीची, आणि जाहिरातीत हा आकडा बहुतेक वेळा बारीक अक्षरात असतो. आजच्या मोठ्या गेमना ४ जीबी लवकर अपुरी पडते. चित्र सुरुवातीला बरं दिसतं, मग नव्या भागात शिरलं की अडखळायला लागतं, कारण टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) कार्डाच्या मेमरीत मावत नाहीत आणि साध्या रॅममधून ओढून आणावे लागतात. म्हणून २०५० आणि ४ जीबीची ३०५० मी यादीतून काढून टाकल्या. माझं लक्ष राहिलं ते ६ जीबीच्या ४०५० वर आणि ८ जीबीच्या ४०६० वर.

आणि मग वॅट, म्हणजे कार्डाला किती वीज ओढू दिली जाते. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं, आणि माझ्या मते या सगळ्या खरेदीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. ४०६० हे कार्ड लॅपटॉप बनवणारी कंपनी ३५ वॅटवरही बसवू शकते आणि ११५ वॅटवरही. दोन्हींच्या स्टिकरवर एकच नाव. बारीक, देखण्या लॅपटॉपमधलं ४५ वॅटचं ४०६० हे जाडजूड लॅपटॉपमधल्या पूर्ण ताकदीच्या ४०५० च्याही मागे पडू शकतं. उलट बाजूने, "१४० वॅट" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल तरी त्याला भुलायचं नाही. ४०५० आणि ४०६० या चिपा बहुतेक गेममध्ये १०० वॅटच्या आसपासच थांबतात. त्यापुढच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. २०२१ मध्ये एन्व्हीडियाने मॅक्स-क्यू (कमी विजेचं), मॅक्स-पी (जास्त विजेचं) अशी लेबलं बंद करून कंपन्यांना वॅट जाहीर करायला सांगितलं खरं, पण विक्रीच्या पानावर तो आकडा सापडेलच असं नाही.

मग शोधायचा कसा? तीन वाटा सापडल्या. एक, कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं तांत्रिक माहितीपत्रक. विक्रेत्याच्या पानावर नसतं ते तिथे पुष्कळदा असतं. दोन, सोबत येणारा चार्जर. प्रोसेसरला ४५ वॅट, कार्डाला १००, वर स्क्रीन, पंखे, एसएसडी. मग १३५ वॅटचा चार्जर दिलेल्या लॅपटॉपमध्ये कार्ड पूर्ण ताकदीने धावणार कुठून? चार्जर २०० च्या आसपास किंवा वर असेल तर निदान आशा ठेवायला जागा आहे. तीन, दुकानातलं प्रदर्शनाला ठेवलेलं यंत्र. एन्व्हीडिया कंट्रोल पॅनेल उघडायचं, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन, आणि तिथे कार्डाची कमाल वॅटमर्यादा लिहिलेली असते. काहीही डाउनलोड करावं लागत नाही, त्यामुळे दुकानदारही हरकत घेत नाही.

ही तिसरी वाट मी पुष्कळ वापरली. एका ठिकाणी विक्रेता म्हणाला, "ताई, ह्यात ४०६० आहे, डोळे झाकून घ्या."

"किती वॅटचं आहे, दादा?"

"फुल पॉवर आहे."

उघडून पाहिलं तर ६० च्या आत. त्याला बिचाऱ्याला तो आकडा कुठे असतो हेच ठाऊक नव्हतं. मी दाखवल्यावर त्याने शेजारची दोन यंत्रंही उघडून पाहिली. त्याच वेळी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स आणि मग मेमरी उघडली, तर रॅमचे किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत तेही दिसतं. तेही पाहून घ्या. दोन स्लॉटपैकी एकच भरलेला असेल तर पुढे रॅम वाढवता येईल. तिथे काही विचित्र आकडा दिसला किंवा रॅम थेट बोर्डावर बसवलेली असल्याचं कळलं, तर माहितीपत्रक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एप्रिलपर्यंत डोकं इतकं भरलं होतं की रोज नवा लॅपटॉप "हाच" वाटायचा आणि रात्री त्यात खोट निघायची. वैताग आला होता. त्यातून सुटले ते एका साध्या विभागणीमुळे. कागदाच्या एका बाजूला लिहिलं, जे नंतर बदलता येत नाही: ग्राफिक्स कार्ड, त्याची मेमरी, त्याचे वॅट, थंड राखायची व्यवस्था, प्रोसेसर, स्क्रीन. दुसऱ्या बाजूला, जे नंतर बदलता येतं: रॅम, एसएसडी, माउस, हेडफोन. पैसे पहिल्या बाजूला घालायचे, काटकसर दुसऱ्या बाजूला करायची. विक्रेते बरोबर याच्या उलट विकतात. १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी असे गोल आकडे पुढे करतात आणि कार्ड हळूच खालच्या पायरीचं देतात.

प्रोसेसरच्या नावांबद्दल थोडं, कारण तिथेही लपवाछपवी आहे. एएमडीच्या ७००० मालिकेत चार आकड्यांपैकी तिसरा आकडा पाहायचा; खरी पिढी तो सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे झेन २ (झेन हे एएमडीच्या प्रोसेसरच्या रचनेचं नाव), ७५३५ मधला ३ म्हणजे झेन ३ किंवा ३+, ७६४० मधला ४ म्हणजे झेन ४. पहिल्या आकड्यावरून फक्त वर्ष कळतं. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर पाहा: यू म्हणजे कमी विजेवर चालणारा, एच किंवा एचएक्स असेल तर गेमिंगला बरा. रायझन ७ ७४३५एचएस हा प्रोसेसर बजेट लॅपटॉपमध्ये खूप दिसतो, आठ कोरचा आणि कामाला चांगला. पण त्यात स्वतःचं अंगभूत ग्राफिक्स नाही. म्हणजे नुसतं ईमेल वाचतानाही मोठं कार्ड जागंच, आणि बॅटरी भराभर उतरते. लॅपटॉप कायम टेबलावर चार्जरला लावून वापरणार असाल तर उत्तम सौदा. मला बैठकींना घेऊन जायचा होता, म्हणून सोडला.

स्क्रीनच्या बाबतीत मी हट्टी राहिले. स्वस्तातल्या पुष्कळ गेमिंग लॅपटॉपवर १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणं) ठळक लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात ४५ टक्के एनटीएससी (रंगांची व्याप्ती), २५० निट्स (उजेड). वेग आहे, रंग नाहीत. लाल रंग विटकरी दिसतो, उजेडाच्या खोलीत चित्र फिकटतं. १०० टक्के एसआरजीबी आणि ३०० निट्सची स्क्रीन शेजारी ठेवून पाहिली की फरक कोणालाही कळतो, अगदी ज्यांना या संज्ञा माहीत नाहीत त्यांनाही. बाहेरचा मॉनिटर लावणाऱ्यांनी या मुद्द्यावर पैसे घालू नयेत. माझ्याकडे मॉनिटर नव्हता.

आता वाट पाहण्याचा भाग. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात एन्व्हीडियाच्या नव्या ५० मालिकेच्या कार्डांची घोषणा झाली होती. महागडी कार्डं आधी येतात, माझ्यासारख्यांच्या कामाची नंतर. ५०६० चे लॅपटॉप मे महिन्यात आले, ५०५० ची घोषणा जूनच्या अखेरीस झाली. मी मेपर्यंत हात आखडता घेतला. नवं घ्यायची आशा नव्हती, जुन्याचे भाव उतरतील एवढीच अपेक्षा होती. नवी ५०६० माझ्या १०० च्या खूप पुढे होती. ४०६० वाली यंत्रं मात्र हळूहळू खाली येऊ लागली. माझ्या मनातलं यंत्र १०४ वर होतं, जुलैत ९९ झालं. थांबणं कंटाळवाणं होतं, आणि थांबत राहिलं तर थांबायला अंत नाही हेही दिसत होतं. म्हणून स्वतःपुरती तारीख ठरवली: ऑगस्ट संपण्याआधी, भाव काहीही असो.

मधे वापरलेल्या लॅपटॉपचाही विचार करून पाहिला. आरटीएक्स ३०६० चे जुने लॅपटॉप ६० ते ६५ मध्ये मिळत होते. एक पाहायला गेले. बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये कळते. ती निम्म्याच्या जवळ आलेली होती. बिजागरीचा एक बाजूने करकर आवाज. वॉरंटी संपलेली, मूळ पावती नाही. ज्यांना उघडून दुरुस्त करता येतं त्यांच्यासाठी हा मार्ग वाईट नाही, आणि पैसे खरंच वाचतात. मला यंत्र बंद पडलं तर ऑफिसही बंद पडणार होतं.

ऑगस्टच्या सवलतीत माझं यंत्र ९४ वर आलं. ८ जीबीचं ४०६० पूर्ण वॅटचं, ८ कोरचा आय५, १०० टक्के एसआरजीबी स्क्रीन, २३० वॅटचा चार्जर. कमी काय? रॅम ८ जीबीची एकच पट्टी, ५१२ जीबी एसएसडी, कॅमेरा रडका, वजन जवळजवळ अडीच किलो, चार्जर विटेएवढा. सगळी काटकसर कागदाच्या दुसऱ्या बाजूला झालेली. घेतला.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागून घेतल्या, ईमेलवर. रॅम स्वतः वाढवली तर वॉरंटी शाबूत राहते का. वॉरंटी घरी येऊन की सेवा केंद्रात नेऊन. आणि परतीची मुदत डिलिव्हरीपासून मोजतात की पावतीच्या तारखेपासून. पहिल्याचं उत्तर "हो, पण रॅम बसवताना दुसऱ्या भागाला इजा झाली तर जबाबदारी तुमची" असं आलं. ते ईमेल अजून जपून ठेवलं आहे. पावतीवर नाव ओळखपत्राप्रमाणे आणि सीरियल नंबर छापलेला हवा. नंबर खोक्यावर, लॅपटॉपच्या पोटाखाली आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एकच आहे ना ते पाहा. कंपनीच्या संकेतस्थळावर वॉरंटी कधीपासून सुरू झालेली दाखवते तेही लगेच तपासा. पुष्कळदा ती कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून धरलेली असते आणि पावती पाठवल्यावरच दुरुस्त होते. माझी तशीच होती, तीन महिने आधीची. पावती चढवल्यावर आठवड्याभरात सुधारली.

खोकं उघडताना पूर्ण चित्रीकरण केलं. मग परतीची मुदत संपायच्या आत जेवढं छळता येईल तेवढं यंत्राला छळलं. लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे सपाट रंग पूर्ण स्क्रीनवर लावून मृत ठिपके शोधले. प्रत्येक कळ, प्रत्येक पोर्ट तपासलं. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडी किती तास चाललेली आहे ते पाहिलं. नवी असेल तर आकडा अगदी लहान असतो. वॅट आणि तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून चार्जर लावून अर्धा तास सायबरपंक खेळले. कार्ड ९५ ते १०० वॅट ओढत होतं, तापमान ८० च्या आत. जिवात जीव आला.

पण उजव्या पंख्यातून बारीक खरखर येत होती. मदतकेंद्राला फोन केला, तर पलीकडून "मॅडम, गेमिंग लॅपटॉपला आवाज असतोच." असतो, पण तो वाऱ्याचा असतो, घासल्याचा नसतो, आणि एकाच बाजूने तर नाहीच. फोन ठेवला आणि ईमेल लिहिलं. शांत खोलीत, फोन तेवढ्याच अंतरावर धरून दोन्ही पंख्यांचे आवाज वेगवेगळे टिपले आणि ते जोडले. तक्रार क्रमांक मागून घेतला. इथे एक लक्षात ठेवा: परतीच्या मुदतीत तक्रार नोंदवल्याची तारीख महत्त्वाची असते, आणि ती ईमेलवर असेल तरच पुढे दाखवता येते. तंत्रज्ञ यायला आठवडा लागला. तोपर्यंत मुदत उलटली होती, आणि विक्रेत्याने ती सबब पुढे केलीच. तक्रार क्रमांक आणि ईमेलची तारीख दाखवल्यावर विषय संपला. तंत्रज्ञाने जागेवर पंखा बदलायची तयारी दाखवली. मी अख्खं यंत्र बदलून मागितलं, कारण नव्या यंत्राचं पोट पहिल्याच आठवड्यात उघडलेलं मला नको होतं. साठा शिल्लक आहे की नाही या धाकधुकीत आणखी काही दिवस गेले. ते दिवस वाईट होते. पैसे गेलेले, यंत्र परत गेलेलं, हातात फक्त एक क्रमांक. बदली यंत्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. ते गप्प होतं. सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या, आणि वॉरंटीची नोंद नव्या सीरियल नंबरवर झाली का तेही पाहिलं. झाली नव्हती. पुन्हा एक ईमेल.

मग रॅम. ८ जीबीची आणखी एक डीडीआर५ पट्टी, त्याच वेगाची, माझ्या मोजणीत ४ ला पडली. एकूण ९८. बसवण्यापूर्वी मायक्रोसॉफ्ट खात्यातून विंडोजची रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली. नव्या विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कूटबद्ध होते, आणि हार्डवेअरमध्ये किंवा बायोसमध्ये बदल केला की ती की विचारली जाऊ शकते. खालचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, काढाल त्याच मांडणीत कागदावर ठेवा. कडेचे क्लिप सोडवायला जुनं प्लास्टिक कार्ड पुरतं, पेचकसाचं टोक घालू नका. आत गेल्यावर आधी बॅटरीची वायर काढायची, मग पट्टी तिरकी घालून खाली दाबायची. परत लावून सुरू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळीच राहते. डीडीआर५ नवी पट्टी पहिल्यांदा तपासून, जुळवून घेते. त्या वेळात बटण दाबून बंद करू नका. माझे हात तेव्हा गार पडले होते, एवढं सांगते.

दुसऱ्या पट्टीने सर्वाधिक फरक पडला तो बाल्डर्स गेट ३ मध्ये. सरासरी फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) थोड्या वाढल्या, पण गर्दीच्या चौकात येणारे झटके जवळजवळ गेले. एका पट्टीवर प्रोसेसरला मेमरीचा एकच रस्ता मिळतो, दोन पट्ट्यांवर दोन.

सेटिंगबद्दल फार लिहीत नाही. सायबरपंकमध्ये रे ट्रेसिंग (प्रकाशाचा खराखुरा हिशेब) बंद, डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून वेग वाढवणारी सोय) क्वालिटीवर, बाकी बरंचसं वरच्या पायरीवर. ६० फ्रेमच्या खाली क्वचित जातं. कथेच्या गेममध्ये फ्रेम ७५ वर बांधून ठेवते, म्हणजे पंखे ओरडत नाहीत. लॅपटॉपची मागची बाजू थोडी उचलून ठेवली तरी तापमान उतरतं, महागड्या कूलिंग पॅडची गरज मला तरी पडली नाही. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबेल असं कंपनीच्याच ॲपमध्ये ठरवता येतं. आणि चार्जर काढून गेम खेळायचा विचार सोडून द्या. बॅटरीवर कार्डाला पुरेशी वीजच मिळत नाही, मग ते कितीही वॅटचं असो.

हे लिहिते आहे तेव्हा जानेवारी २०२६ सुरू आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरांची मागणी वाढल्याने २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. मी ४ ला घेतलेली पट्टी आज त्याच्या दुपटीच्याही पुढे आहे. "रॅम नंतर वाढवू" हा माझा हिशेब सप्टेंबरात जमला. आज घेणाऱ्याने दोन्ही भाव शेजारी मांडून पाहावेत, कदाचित १६ जीबी आधीच बसवलेलं यंत्र स्वस्त पडेल. एसएसडीही महागली आहे. माझ्याकडे एसएसडीचा दुसरा स्लॉट रिकामा आहे, पण बाल्डर्स गेट ३ संपून ते १५० जीबी मोकळे होईपर्यंत नवा मोठा गेम उतरवायचा नाही, असं सध्या ठरवलं आहे.